आमचा गाण्याचा हंगाम डीजेच्या हवाली करायचा नाही

एप्रिल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या भिंतींवर, पानठेल्यांवर, एसटी स्टँडच्या खांबांवर एकाच साच्याची पत्रकं दिसू लागतात. वर एका बाजूला तथागत, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. मधे मोठ्या निळ्या अक्षरांत 'दुय्यम कव्वालीचा जंगी सामना'. खाली दोन गायक पार्ट्यांचे फोटो, एक शाहीर कोट घातलेला, एक गायिका पांढऱ्या साडीत. त्याखाली गावातल्या झाडून साऱ्या पोरांची नावं, कारण ज्याचं नाव राहिलं तो वर्गणी देत नाही. विदर्भाबाहेरच्या मित्रांना 'दुय्यम' या शब्दाचं हसू येतं. त्यांना वाटतं कमी दर्जाचा कार्यक्रम असावा. आमच्याकडे दुय्यम म्हणजे दोन पार्ट्या, समोरासमोर, रात्रभर.

हा आमचा हंगाम. ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून तो सुरू होतो आणि १४ एप्रिलला संपत नाही. सगळ्या गावांना एकाच रात्री पार्टी मिळत नाही, म्हणून आज दारव्हा, उद्या नेर, परवा आर्णी, असं करत बुद्ध पौर्णिमा ओलांडून २७ मेच्या रमाई स्मृतिदिनापर्यंत तो पोचतो. पऱ्हाटी उपटून झालेली असते, कापूस विकून जे काही देणं-घेणं व्हायचं ते झालेलं असतं, मिरगाला अजून वेळ असतो. दिवसा ऊन अंगाची कातडी सोलतं. माणसं रात्रीच माणसांत येतात. पुढे अशोक विजयादशमी, २८ नोव्हेंबर, ३ जानेवारी, ७ फेब्रुवारी अशा तारखा आहेतच, पण उन्हाळ्यातल्या या दीड महिन्याची सर कशाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आम्ही सहा-सात जण असेच गेलो होतो. विहारासमोरच्या पटांगणात ताडपत्र्या अंथरलेल्या. बाया पुढे, माणसं मागे, पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. स्टेज म्हणजे दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या. कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड, बेंजो, आणि मागे कोरसला तीन पोरी, ज्यांतली एक बारावीची परीक्षा देऊन आलेली. आधी त्रिसरण-पंचशील झालं, मग वंदनेची गाणी, मग साडेअकराच्या सुमारास सवाल-जवाबाला तोंड फुटलं. शाहिरानं समोरच्या पार्टीला विचारलं, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा कुठं केली आणि कोणत्या तारखेला? गायिका हार्मोनियम पुढे ओढून सूर लावतेय तोवर ट्रॉलीवरून पोरं ओरडली, "येवला! तेरा ऑक्टोबर पस्तीस!" सारं पटांगण हसलं. गायिका हसली आणि माईकवर म्हणाली, "आता मी काय सांगू बाप्पा, या लेकरायनंच माही बारी खाल्ली." तरी तिनं उत्तर गाऊन दिलंच, वर उलटा सवाल टाकला: ही घोषणा झाली तेव्हा रमाई कुठं होती? पटांगण एकदम शांत. रमाई त्याच वर्षी २७ मेला गेली होती. साडेचार महिन्यांचं अंतर. आम्ही चळवळीत पंधरा-वीस वर्षं घालवलेली माणसं, या दोन तारखा आम्हाला पाठ. पण त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ते काम दोन बैलगाड्यांवर बसलेल्या एका बाईनं केलं.

रात्री दोनच्या पुढे आमच्यातल्या एकानं पुढे बसलेल्या आजीला विचारलं, "आजी, झोप नाही येत का?" ती म्हणाली, "झोप तं घरी गेल्यावर हायेच नं बाप्पा. तिथं अजून काय हाय?"

या वाक्याला आम्ही कार्यकर्त्यांनी उत्तर द्यायला हवं, असं आम्हाला वाटतं.

कारण आमच्यात एक ठरलेलं भाषण आहे. बाबासाहेब डोक्यावर घेऊन नाचू नका, डोक्यात घ्या. गाणी पुरे, आता ग्रंथ वाचा. वर्गणीतून वाचनालय काढा. ही भाषणं आम्हीही केली आहेत, टाळ्याही घेतल्या आहेत. वाचनालय हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण या भाषणात एक गृहीतक लपलेलं असतं: आनंद म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि गाणं ऐकणारा माणूस विचार करत नसतो. हे गृहीतक कुठून आलं? शेतमजुरी करणाऱ्या बाईनं दिवसभर राबावं आणि उरलेल्या वेळात सुधारावं, अशी अपेक्षा तिच्याकडून कोण करतं? मालक करतो. आम्ही कशासाठी करायची?

आमच्या दुःखाला या राज्यात भरपूर जागा मिळाली आहे. यवतमाळ म्हटलं की वर्तमानपत्राला शेतकरी आत्महत्या आठवते, बौद्ध म्हटलं की अत्याचार आठवतो. दोन्ही खोटं नाही. पण रात्री दोन वाजता ताडपत्रीवर मांडी घालून बसलेली पाचशे माणसं, जी एका ओळीवर एकदम हात वर करतात, त्यांची बातमी होत नाही. दुःखी दलित सर्वांना चालतो, त्याच्यावर अनुदानही मिळतं. खुशीत बसलेला, स्वतःच्या पैशानं स्वतःचा कार्यक्रम करणारा, पाहुण्याला चहा पाजणारा समाज दिसला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात.

आणि या आठ्या नुसत्या आठ्या राहत नाहीत. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली हे निमित्त असल्याचा आरोप होता. आमच्या उमरखेडला लागून वाहणाऱ्या पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा. तिथं बोंढार हवेली गावात १ जून २०२३ ला अक्षय भालेराव मारला गेला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग हे कारण फिर्यादीत होतं. ज्यांना वाटतं की गाणं-बजावणं हा राजकारणाच्या बाहेरचा विषय आहे, त्यांनी हे दोन खून पुन्हा वाचावेत. मारणाऱ्यांना ते राजकारण आहे हे नीट कळलं होतं.

काही धम्मबंधू दुसरी हरकत घेतात. नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचं शील आहे ना, मग विहारासमोर ऑर्केस्ट्रा कसा? शील आहे, पण ते अष्टशीलातलं आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक ते स्वेच्छेनं घेतो. आपण रोज म्हणतो त्या पंचशीलात ते नाही. आणि ज्यांना ग्रंथाचाच आधार हवा त्यांनी दीघनिकायातलं सक्कपञ्ह सुत्त उघडावं. त्यात पंचसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन बुद्धासमोर गातो. तेही गाणं कसलं, तर प्रेमाचं. बुद्ध त्याला उठवून लावत नाहीत. तुझ्या तारांचा स्वर गाण्याच्या स्वराशी जुळतो, गाणं तारांवर कुरघोडी करत नाही, अशा अर्थाची दाद देतात. आजच्या साउंडवाल्यांनी हे सुत्त जरूर वाचावं, कारण आमच्या कार्यक्रमांत ऑक्टोपॅड गायिकेच्या डोक्यावर बसलेला असतो.

खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. घटना, हिंदू कोड बिल, पक्ष, धर्मांतर, वर आजारपण, एवढ्या गराड्यात हा माणूस गज धरून सूर घोटत बसत होता. त्याचा चळवळीला काय उपयोग झाला असं कुणी विचारत नाही. विचारूही नये.

आता इतिहासाकडे थोडं. आमचे पोरगे समजतात की भीमगीत म्हणजे कॅसेटच्या जमान्यात आलेला प्रकार. कॅसेटनं ते घरोघरी पोचवलं खरं. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, सुषमादेवी ही नावं आमच्या आईबापांच्या तोंडी त्यामुळेच आली. पण मूळ त्याच्या मागे आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलून जलसा उभा केला. १९३०च्या काळाराम सत्याग्रहाच्या काळात नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्यांनी त्यातून आंबेडकरी जलसा घडवला. जी माणसं परंपरेनं गावासमोर नाचत होती, त्यांनीच गण-गवळणीच्या जागी मेलेली जनावरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे गायला सुरुवात केली. वाद्यं तीच, गळे तेच, मालक बदलला. आमच्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगितलं जातं. पुढे वामनदादा कर्डक आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, उशिरा अक्षरओळख झालेला हा माणूस २००४ पर्यंत जगला आणि गावोगाव फिरत त्यानं हजारो गाणी लिहिली. नागपुरात नागोराव पाटणकरांनी कव्वालीला आंबेडकरी केलं. सुफी दर्ग्यातली बैठक विहाराच्या ओट्यावर आली ती अशी. आणि विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच कोसळले. यांच्यापैकी कुणीही सभेच्या आधी गर्दी जमवायला ठेवलेली माणसं नव्हती. गाणं हीच सभा होती.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातही हेच दिसतं. १९६२ साली तिथल्या विद्यार्थी संघटनेनं 'फ्रीडम सिंगर्स' हा चौघांचा गट उभा केला. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या आंदोलनातून तो निघाला होता. चर्चमध्ये गायचं तेच तुरुंगात गायचं, आणि गाडीत बसून शहरं फिरत संघटनेसाठी निधी गोळा करायचा. आमचे पँथर तिकडच्या पँथरांकडून नाव घेऊन आले हे आपण अभिमानानं सांगतो. गाणं मात्र आमच्याकडे आधीपासून होतं.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की ज्या गावाचं वर्णन वर केलं, तिथं यंदा सामना झाला नाही. डीजे आला.

डीजेवाल्या पोरांवर आम्ही तुटून पडणार नाही. त्यांचंही ऐकून घेतलं. एक म्हणाला, "दादा, पूर्ण गावाले ऐकू गेलं पाहिजे की आपली जयंती हाय." याच्यात खोट काढता येत नाही. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी आपल्या आज्याला मुख्य रस्त्यानं चालता येत नव्हतं, तिथं छाती हादरवणारा आवाज घेऊन त्याच रस्त्यानं जाण्यात एक हिशेब चुकता केल्याची भावना आहे. ती आम्हालाही कळते. पण एक पाहा. डीजेपुढे कोण असतं? पंधरा ते तीसचे पोरगे. आज्या घरात, कानांवर पदर. लेकुरवाळ्या बाया दारात उभ्या. म्हातारे विहाराच्या मागे. गाणं भीमाचं असतं, पण शब्द ऐकू येत नाहीत. ठोका तेवढा येतो, आणि तोच ठोका दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मिरवणुकीत वाजतो, कारण डीजे तोच आहे, मालक तोच आहे, आणि तो आपल्यातला नाही. वर्षभर मजुरी करून जमवलेली वर्गणी एका रात्रीत जिल्ह्याबाहेर जाते. त्या गावात डीजेला जेवढे मोजले, तेवढ्यात दोन्ही पार्ट्या, जेवण आणि गाडीभाडं धरून दुय्यम सामना झाला असता, वर खीरदानाला पैसे उरले असते. हे आम्ही त्यांच्याच वर्गणीच्या वहीतून काढलं.

आणि पार्ट्या? त्या मरतायत. आमच्या ओळखीचा एक ढोलकवाला आता यवतमाळात ऑटो चालवतो. हंगाम दीड महिन्याचा आणि पोट बारा महिन्यांचं. आयोजक सुपारी ठरवतात, बयाणा देतात, आणि पहाटे कार्यक्रम संपल्यावर मंडळाचा खजिनदार सापडत नाही. हे आमच्याच लोकांनी केलेलं आहे, कुणा सवर्णानं नाही. गायिकांची अवस्था त्याहून वाईट. कपडे बदलायला आडोसा नाही, संडासाची सोय नाही. बक्षिसाची नोट देताना हाताला हात लावणारे वीर प्रत्येक गावात दोन तरी निघतात, आणि माईकवरून त्यांचं नाव सन्मानानं पुकारलं जातं. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला निधी बाबासाहेबांनी नाकारला, कारण तो आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळवलेला होता, ही आठवण आम्ही भाषणांत रंगवून सांगतो. मग स्टेजवरच्या आमच्या बाईशी आम्ही कसं वागतो ते तपासायला नको?

मंडळांनी करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. मानधन कार्यक्रम सुरू होण्याआधी द्या. गायिकेला एक बंद खोली द्या, शाळेचा वर्ग मागितला तर मिळतो. आणि जाताना कलावंताला मंडळाच्या लेटरहेडवर तारीख-गाव लिहून एक पत्र द्या, सोबत पत्रकाची एक प्रत. याचं कारण साधं आहे. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, पण तिथं कलेच्या क्षेत्रातल्या कामाचे पुरावे मागतात. ज्यानं तीस वर्षं उन्हाळे जागवले त्याच्याकडे एक कागद नसतो. आम्ही एका म्हाताऱ्या शाहिराचा अर्ज भरायला बसलो तेव्हा त्याच्याकडे निघालं काय, तर उंदरांनी कुरतडलेली चार पत्रकं, आणि त्यांतल्या दोनांवर सालच छापलेलं नव्हतं. पत्रकावर साल छापा, एवढी तरी विनंती.

आवाजाच्या नियमाबद्दलही बोललं पाहिजे, कारण पोरं त्याच मुद्द्यावर अडतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. आता रात्रभर चालणारा सामना यात बसत नाही हे उघड आहे, आणि पोलीस येऊन वायर काढायला लावतात तेव्हा पोरं चिडतात: इतरांच्या वेळी कुठं गेला होता हा नियम? प्रश्न बरोबर आहे. एका ठिकाणी सव्वादहाला माईक बंद करायला आलेल्या जमादाराला आम्ही हाच प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, "तक्रार आली साहेब." तक्रार नेहमी आमचीच येते. नियम सगळ्यांना सारखा लावा ही मागणी सोडायची नाही. पण उत्तर म्हणून आणखी मोठा आवाज आणणं म्हणजे आमचीच केस कच्ची करणं. कार्यक्रम सहाला, ऊन उतरताच सुरू करा. दहानंतर माईक बंद करून नुसत्या हार्मोनियम-ढोलकवर बसता येतं. आम्ही बसलो आहोत. शे-दीडशे माणसं पुढे सरकली, पोरं ट्रॉलीवरून खाली उतरली, आणि पहिल्यांदाच प्रत्येक शब्द ऐकू आला. जलसे गाजले तेव्हा तरी गावोगाव वीज कुठं होती?

यवतमाळ शहरात समता मैदान आहे. बरेच जण अजून त्याला पोस्टल मैदानच म्हणतात. याच शहरात जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यानं ते देशभर गाजलं, आणि शेवटी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हातून उद्घाटन झालं. कुणाला बोलवावं, कुणाला नाही, यावर एवढं रण. आमच्या मैदानावर निमंत्रणाचा प्रश्नच येत नाही. घरून चटई आणायची, येताना पाण्याची बाटली, जागा मिळेल तिथं बसायचं. महाराष्ट्राच्या साहित्याला जो श्रोता मिळत नाही म्हणून परिसंवाद होतात, तो श्रोता आमच्याकडे फुकट आहे आणि आम्ही त्याला डीजेच्या भिंतीमागे उभा करतोय.

२०२० आणि २०२१ असे दोन एप्रिल आम्ही घरात काढले. दारात दिवा, भिंतीवर फोटो, मोबाइलवर गाणी. गाणी तीच होती, गायकही तेच. तरी त्या दोन वर्षांची एकही रात्र आठवत नाही. २०२२ ला पहिला सामना ऐकायला बसलो तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस गाण्याच्या मधेच आमच्या खांद्यावर हात ठेवून रडत होता, आणि दोन मिनिटांनी त्यानंच तंबाखू पुढे केली.

ज्या गावात यंदा डीजे आला, तिथल्या पोरांसोबत आमची बैठक झाली आहे. वाद झाला, आवाज चढले, दोघं उठून गेले. शेवटी ठरलं ते असं: मिरवणूक १४ तारखेला, त्यांच्या मनासारखी, पण डीजेऐवजी ढोल-ताशा आणि लेझीम. सामना त्याच आठवड्यात, वेगळ्या रात्री, सहा वाजता. वर्गणीची वही एका बचत गटाच्या अध्यक्ष ताईंकडे. पार्ट्यांशी बोलायचं काम आमच्याकडे. पहिला फोन त्या गायिकेला लावला. तिनं विचारलं, "ट्रॉलीवरचे पोट्टे राह्यतीन नं?"